घाऊक ई-मेल आणि सेवापुरवठादारांची मर्यादा

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की जबलपूरमधील तयार कपड्यांचा एखादा उत्पादक आपले नवे दरपत्रक बाहेरगावच्या दुकानदारांना ई-मेलने पाठवायला घेतो. यादीत १,८०० पत्ते आहेत असे समजू. पहिली काही शे पत्रे सुरळीत जातात. त्यानंतर मात्र पुढील पत्रे परत येऊ लागतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडल्याची सूचना संगणकाच्या पडद्यावर दिसते. इथपर्यंतची गैरसोय सहन करण्याजोगी असते. खरी अडचण पुढे आहे. त्याच दिवशी एका मोठ्या खरेदीदाराच्या चौकशीला दर कळवायचे असतात आणि त्याच टपालपेटीतून निघणारे ते पत्रही अडते. जाहिरातीत कोटा संपून गेलेला असल्यामुळे व्यवहाराचे पत्र खोळंबते.

अशी अडचण देशातील सर्वच मध्यम शहरांतील लहान व्यावसायिकांना भेडसावते. एकाच वेळी अनेकांना पाठवल्या जाणाऱ्या ई-मेलवर सेवापुरवठादार मर्यादा का घालतात, ती कशी मोजली जाते आणि ती पाळून काम कसे करता येते, याचा हा आढावा.

जबलपूर आणि दूरसंचार

मध्य प्रदेशातील हे शहर नर्मदाकाठच्या भेडाघाटसाठी, उच्च न्यायालयासाठी आणि संरक्षण साहित्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात जबलपूरचा समावेश होता. त्या काळापासून अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक आहेत. शहराची आणखी एक ओळख दूरसंचार क्षेत्राबाहेर फारशी परिचित नाही. १९४२ मध्ये येथे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. भारतरत्न भीमराव आंबेडकर यांचे नाव धारण करणारी ही संस्था पुढे भारत संचार निगम लिमिटेड, अर्थात बीएसएनएलकडे आली आणि दूरसंचार अभियंत्यांच्या अनेक पिढ्या तिच्यात घडल्या.

सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, ती प्रथम महानगरांत. खासगी सेवापुरवठादारांना १९९८ च्या अखेरीस परवानगी मिळाली. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएलची स्थापना झाली आणि जानेवारी २००५ पासून तिची ब्रॉडबँड सेवा टप्प्याटप्प्याने विविध शहरांत पोहोचली. कायम जोडलेले इंटरनेट दुकानात आल्यावर व्यापाऱ्याच्या हाती घाऊक टपालाचे साधन आले. टपालखात्याच्या तिकिटाचा खर्च वाचला, त्यामुळे यादीतील पत्त्यांची संख्या वाढवण्यास कोणतेच बंधन उरले नाही. सेवापुरवठादारांच्या मर्यादेची गरज नेमकी याच ठिकाणी निर्माण होते.

मोजणी पत्रांची की पत्त्यांची?

अनेकांचा गोंधळ येथे होतो. एका पत्रावर पन्नास पत्ते लिहिले तर पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ते एक पत्र असते, परंतु सेवापुरवठादाराच्या हिशेबी साधारणतः ती पन्नास पत्रे ठरतात. पत्ता मुख्य रकान्यात लिहिला, प्रत म्हणून लिहिला किंवा इतरांना न दिसणाऱ्या बीसीसी रकान्यात लिहिला, तरी मोजणीत फरक पडत नाही. बीसीसीत सर्व यादी एकदम घातल्यास मर्यादा चुकवता येते, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. या रकान्याचा उपयोग इतकाच की एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

मर्यादा एकाच प्रकारची नसते. एका पत्रावर किती पत्ते असावेत, एका तासात किती पत्रे जावीत, चोवीस तासांत किती जावीत आणि एका पत्राचा आकार किती असावा, अशी बंधने एकाच वेळी लागू असू शकतात. ई-मेलच्या देवाणघेवाणीचा नियम, म्हणजे एसएमटीपी, अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. एका पत्रावरील किमान १०० पत्ते स्वीकारण्याची क्षमता सर्व्हरमध्ये असावी, अशी अपेक्षा या नियमावलीत आहे. १०० च्या पुढे किती, हे प्रत्येक सर्व्हर चालवणारा स्वतः ठरवतो.

गूगलच्या जीमेल सेवेतील वैयक्तिक खात्यातून एका दिवसात ५०० पर्यंत ई-मेल पाठवता येतात. मर्यादा ओलांडल्यास खात्यातून पत्रे पाठवण्यावर १ ते २४ तासांची बंदी येते. कंपनीच्या सशुल्क व्यावसायिक खात्यासाठी ही संख्या दिवसाला २,००० आहे. येथील दिवस मध्यरात्री बदलत नाही. मागील चोवीस तासांत किती पत्रे गेली, असा सरकता हिशेब असतो. म्हणून सायंकाळी सहा वाजता कोटा संपवणाऱ्याने रात्री बारानंतर पुन्हा पत्रे पाठवू पाहिल्यास नकारच मिळतो. इंटरनेट जोडणीसोबत टपालपेटी देणाऱ्या कंपन्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात आणि त्या बदलतही राहतात. मोठी यादी हाती घेण्यापूर्वी ग्राहक सेवा केंद्राकडून तासाची व दिवसाची संख्या लेखी मागवून घेणे हिताचे ठरते. दूरध्वनीवर मिळालेले उत्तर पुढे उपयोगी पडत नाही.

मर्यादा का घातली जाते?

मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात ई-मेलने पाठवली. नको असलेल्या घाऊक ई-मेलचे हे पहिले उदाहरण मानले जाते. विशेष म्हणजे पत्त्यांची यादी त्या वेळच्या प्रणालीला पेलवली नाही आणि उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरात शिरले. घाऊक ई-मेलच्या पहिल्याच प्रयोगात मर्यादा आड आली, असे म्हणावे लागेल.

त्या वेळी प्रश्न प्रणालीच्या क्षमतेचा होता. आज तो विश्वासार्हतेचा आहे. ई-मेल स्वीकारणारा सर्व्हर पत्र उघडण्याआधी ते कोणत्या आयपी क्रमांकावरून आले हे पाहतो. त्या क्रमांकावरून पूर्वी किती नकोशी पत्रे आली, किती चुकीच्या पत्त्यांवर आली, किती जणांनी तक्रार केली, याची नोंद ठेवलेली असते. आता सेवापुरवठादाराच्या टपाल सर्व्हरचा क्रमांक कोणा एका ग्राहकाच्या मालकीचा नसतो. एकाच क्रमांकावरून डॉक्टर, वकील, शाळा आणि कापड व्यापारी अशा हजारो ग्राहकांची पत्रे निघतात. एकाने गैरवापर केला आणि तो क्रमांक काळ्या यादीत गेला, तर न्यायालयीन कागद पाठवणाऱ्या वकिलाचे पत्रही परत येते. मर्यादा ही या सामायिक पतीची राखण असते. घाईत असलेल्या व्यापाऱ्याला ती अन्यायकारक वाटते हे स्वाभाविक आहे, मात्र ती नसती तर त्याचे पहिले पत्रसुद्धा पोहोचण्याची खात्री देता आली नसती.

अशा काळ्या याद्या ठेवणाऱ्यांमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था सर्वाधिक परिचित आहे. घरगुती व लहान व्यावसायिक जोडण्यांना दिल्या जाणाऱ्या, वारंवार बदलणाऱ्या आयपी क्रमांकांची तिची वेगळी यादी आहे. या क्रमांकांवरून थेट दुसऱ्या सर्व्हरकडे टपाल जाणे अपेक्षित नाही, असा त्या यादीचा अर्थ असतो.

मालकाला पत्ताही नसताना त्याचा संगणक घाऊक टपाल पाठवत असतो, हा या विषयातील सर्वात गंभीर भाग होय. विषाणूने ग्रासलेल्या लाखो संगणकांच्या फौजा दूरवरून चालवल्या जातात. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील मॅककोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडण्यात आली, तेव्हा जगभरातील नकोशा ई-मेलचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे नोंदवले गेले. अशा फौजांना हुकूम देणारे सर्व्हर तेथे होते. भारतात ब्रॉडबँड वेगाने पसरले, पण संगणकाच्या सुरक्षेची जाणीव त्या वेगाने वाढली नाही. सोफॉस या सुरक्षा कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये जाहीर केलेल्या यादीत, नकोसे ई-मेल ज्या देशांतील संगणकांतून निघतात त्यांमध्ये भारत पहिल्या क्रमांकावर होता. तासाला ठरावीक पत्रांची मर्यादा असेल तर असा बिघडलेला संगणक लवकर लक्षात येतो आणि त्याचे नुकसान आटोक्यात राहते.

१,८०० पत्रांचा हिशेब

आता जबलपूरच्या उत्पादकाकडे वळू. त्याच्याकडे दिवसाला ५०० पत्रांची मर्यादा असलेले खाते आहे. रोजच्या व्यवहारासाठी १०० पत्रांची जागा राखून ठेवली तर दरपत्रकासाठी ४०० उरतात. १,८०० पत्ते संपायला पाच दिवस लागतात. त्यामुळे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बसण्याऐवजी पंधरवडाभर आधी सुरुवात करणे आणि यादीचे गावानुसार पाच भाग पाडणे, हा साधा मार्ग आहे. दूरच्या गावांना माल पोहोचायला अधिक दिवस लागतात, म्हणून त्यांची पत्रे पहिल्या दिवशी पाठवावीत. सर्व पत्रे एका झटक्यात सोडण्याऐवजी मध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवल्यास तासाची मर्यादाही ओलांडली जात नाही. मेल मर्जची सोय असलेली आज्ञावली प्रत्येक ग्राहकाच्या नावाने वेगळे पत्र तयार करते आणि अनेक आज्ञावलींमध्ये असे अंतर ठरवता येते.

आकाराचा हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दरपत्रकाची फाइल दोन मेगाबाइटची असेल, तर १,८०० वेगवेगळ्या पत्रांचे ३.६ गिगाबाइट होतात. ई-मेलसोबत जोडलेली फाइल मजकुराच्या स्वरूपात बदलून पाठवली जाते आणि त्यात ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे प्रत्यक्षात ४.८ गिगाबाइट. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरवण्यात आला होता. त्या वेगाने इतके टपाल बाहेर पडायला ४१ तासांहून अधिक काळ लागला असता. २०२३ मध्ये ही व्याख्या २ मेगाबिटवर नेण्यात आली. तरीही हे काम पाच तासांहून अधिक चालेल. फाइल एखाद्या संकेतस्थळावर ठेवून पत्रात केवळ तिचा दुवा दिल्यास हा सर्व भार टळतो. एकच दुवा वर्षभर वापरून फाइल बदलत राहण्याची सोय होते, हा अधिकचा लाभ.

मोठ्या यादीचा अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. वर्षानुवर्षे जमवलेल्या पत्त्यांपैकी कित्येक बंद पडलेले असतात. परत आलेले प्रत्येक पत्र कोट्यातील एक जागा खाते आणि स्वीकारणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत प्रेषकाच्या नावावर एक दोष जमा करते. काही संस्था जुने, बंद झालेले पत्ते मुद्दाम सापळा म्हणून चालू ठेवतात. त्यांवर पत्र पाठवणाऱ्याने यादी विकत घेतली आहे किंवा ती कधी तपासलेली नाही, असा निष्कर्ष काढला जातो. लाखो पत्त्यांच्या तयार याद्या विकण्याचा धंदा भारतातही चालतो. त्या घेणाऱ्याचे पैसे जातातच, शिवाय खातेही जाण्याचा धोका असतो.

देवनागरी पत्रांची अडचण

मराठी आणि हिंदीत व्यवहार करणाऱ्यांना एक वेगळा फटका बसला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटत असे. उपाय म्हणून संपूर्ण पत्राचे चित्र करून ते पाठवण्याची पद्धत रुळली. दिवाळीच्या शुभेच्छा, सवलतीची माहिती, लग्नाचे निमंत्रण, सारेच चित्ररूपाने जाऊ लागले. नेमक्या २००६ च्या सुमारास नकोशी पत्रे पाठवणाऱ्यांनीही गाळणी चुकवण्यासाठी जाहिरातीचे शब्द चित्रात दडवण्याची युक्ती अवलंबली. परिणामी मजकूर नसलेले, केवळ चित्र असलेले पत्र संशयास्पद ठरू लागले आणि प्रामाणिक देवनागरी पत्रेही नकोशा टपालाच्या कप्प्यात जमा झाली. युनिकोडमुळे आता हे कारण उरलेले नाही, सवय मात्र पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. पत्राचा मजकूर अक्षरांत लिहिणे आणि चित्र जोडायचेच असल्यास ते लहान ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

पळवाटा आणि त्यांची किंमत

मर्यादा आड आली की पाच-सहा नवी खाती उघडण्याचा सल्ला हमखास मिळतो. एकाच जोडणीवरून, एकाच मजकुराची पत्रे अनेक नव्या खात्यांतून निघू लागली की ती सेवापुरवठादाराच्या यंत्रणेच्या नजरेत येतात आणि जुन्या खात्यासह सर्वच बंद होण्याची शक्यता असते.

दुसरी पळवाट स्वतःचा टपाल सर्व्हर दुकानातच चालवण्याची. सर्व्हर एकमेकांशी बोलताना २५ क्रमांकाचे द्वार वापरतात. विषाणूग्रस्त संगणकही याच द्वाराने थेट टपाल सोडत, म्हणून जगभरातील बऱ्याच सेवापुरवठादारांनी सामान्य जोडण्यांवर ते बंद केले. ग्राहकाने नाव व संकेतशब्द देऊन टपाल आपल्या सर्व्हरकडे सोपवावे, यासाठी १९९८ मध्ये ५८७ क्रमांकाचे वेगळे द्वार ठरवण्यात आले. जुन्या संगणकावर ई-मेल अचानक जाईनासे झाले, तर अनेकदा हा क्रमांक बदलणे पुरेसे असते. कित्येक दुरुस्ती करणारे मात्र संपूर्ण आज्ञावलीच पुन्हा बसवतात.

नकाराची भाषा

परत आलेल्या पत्रातील इंग्रजी सूचना न वाचता ती पुसून टाकण्याची प्रवृत्ती आढळते. वास्तविक त्यातील तीन आकडी संख्या पुरेशी बोलकी असते. चारने सुरू होणारी संख्या, उदाहरणार्थ ४२१ किंवा ४५१, तात्पुरता नकार दर्शवते. गर्दी आहे, मर्यादा झाली आहे, नंतर यावे, असा तिचा आशय असतो आणि टपाल सर्व्हर स्वतःच काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. अशा वेळी तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवल्यास ग्राहकाला त्याच्या दोन-तीन प्रती मिळतात आणि तो तक्रार नोंदवतो. पाचने सुरू होणारी संख्या कायमचा नकार सांगते. ५५० या संख्येसोबत पत्ता अस्तित्वात नसल्याचे लिहिले असेल तर तो पत्ता यादीतून त्याच दिवशी काढावा. मात्र याच संख्येसोबत काळ्या यादीचा उल्लेख असेल तर पत्ता बरोबर असून दोष पाठवणाऱ्या सर्व्हरच्या क्रमांकात आहे. तो सेवापुरवठादाराला कळवण्याचा विषय होय.

घाऊक टपालाच्या स्वतंत्र सेवा

महिन्याला काही हजार पत्रे नियमितपणे जाणार असतील तर सेवापुरवठादाराच्या टपालपेटीवर ओझे टाकणे व्यवहार्य ठरत नाही. त्यासाठी शुल्क घेऊन घाऊक ई-मेल पोहोचवणाऱ्या कंपन्या आहेत. चेन्नईच्या झोहोसारख्या भारतीय कंपन्याही ही सेवा देतात. येथेही पहिल्या दिवसापासून मोकळे रान मिळत नाही. ॲमेझॉनच्या सेवेत नव्या ग्राहकाला चाचणीच्या काळात चोवीस तासांत केवळ २०० पत्रे, तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांवर पाठवता येतात. पत वाढेल तशी संख्या वाढते.

या सेवांसाठी स्वतःच्या नावाचे डोमेन लागते. पत्र खरोखर त्या डोमेनच्या मालकानेच पाठवले आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये कराव्या लागतात. हे काम एकदाच करायचे असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक प्रेषकांसाठी त्या आवश्यक केल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणारा घाऊक प्रेषक मानला जातो. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून असेच नियम लागू केले. घाऊक जाहिरात पत्रांत एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय असावी, आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात यावी, अशीही अट आहे.

तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली असावे, ही गूगलची अट लहान प्रेषकालाही लागू आहे. जबलपूरच्या उत्पादकाची सर्व १,८०० पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर गेली आणि त्यांपैकी सहा जणांनी नकोसे टपाल अशी खूण केली, तर ही रेषा ओलांडली जाते. यादीतून बाहेर पडण्याची वाट पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवणे त्यामुळे प्रेषकाच्याच अंगाशी येते. ज्याला ती वाट सापडत नाही, तो तक्रारीचे बटन दाबतो.

कायद्याची स्थिती

अमेरिकेत नकोशा व्यापारी ई-मेलविषयीचा कायदा २००३ मध्ये संमत झाला. भारतात केवळ ई-मेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यांची जागा घेणारे २०१८ चे नियम व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेशांना लागू होतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ या कलमात उपद्रव देणाऱ्या किंवा मूळ दडवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ग्राहकाचा ई-मेल पत्ता वापरण्यासाठी संमतीचा प्रश्न पुढे आणला आहे. संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने ती मागे घेता यावी, असे हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या प्रमुख तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची मुदत ठेवण्यात आली आहे. दुकानाच्या पावतीपुस्तकातून उतरवून घेतलेल्या जुन्या पत्त्यांच्या मालकांकडून या मुदतीत संमती घेऊन ती तारखेसह नोंदवून ठेवता येईल.